मतपत्रिकेवरचं नाव

(किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशिम येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली रूपे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



निवडणुकीच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की आपल्याला पक्ष आठवतात, पुढारी आठवतात, कुणाची लाट होती ते आठवतं. मी आज त्यातलं काही सांगणार नाही. मी बोलणार आहे मतपत्रिकेवरच्या एका ओळीबद्दल. त्या ओळीत उमेदवाराचं नाव असतं. ते नाव तिथं कसं येतं, कोणत्या रूपात येतं, वर येतं की खाली येतं, आणि हे सगळं कोण ठरवतं, एवढाच आजचा विषय आहे.

विषय बारीक वाटेल. म्हणून आधी आकडे सांगतो. २०१४ ची लोकसभा, रायगड मतदारसंघ. शिवसेनेचे अनंत गीते निवडून आले, राष्ट्रवादीचे सुनील तटकरे पडले. फरक किती? २,११० मतं. आता त्याच मतपत्रिकेवर आणखी एक सुनील तटकरे होते, अपक्ष. वडिलांचं नाव वेगळं, बाकी नाव तेच. त्यांना ९,८४९ मतं पडली. या ९,८४९ मधल्या पाचातल्या एकापेक्षा थोड्या जास्त माणसांनी जरी 'आपले ते तटकरे' समजून बटण दाबलं असेल, तर रायगडचा खासदार एका नावाच्या सारखेपणाने ठरला. किती जण चुकले हे कुणीच सांगू शकत नाही, मत गुप्त असतं. पण हिशेब एवढा जवळचा आहे की प्रश्न टाळता येत नाही.

तर हे नाव मतपत्रिकेवर आलं कधी? इथूनच गंमत सुरू होते. कारण आपल्या पहिल्या निवडणुकीत ते नव्हतंच.

१९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. तेव्हा आपला हा भाग अकोला जिल्ह्यात होता आणि अकोला मध्य प्रदेशात. नव्या मुलांना हे सांगितलं की खरं वाटत नाही. लागोपाठ तीन निवडणुका या परिसराने तीन राज्यांत राहून केल्या: १९५२ मध्ये मध्य प्रदेश, १९५७ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र. माणूस तिथंच, शेत तिथंच, राज्य बदलत गेलं. वाशिम जिल्हा तर १ जुलै १९९८ चा.

त्या पहिल्या निवडणुकीत देशात सतरा कोटींच्या वर मतदार होते आणि शंभरातल्या जेमतेम अठरा जणांना लिहिता-वाचता येत होतं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे सवाल असा की ज्याला वाचता येत नाही त्याने मत कसं द्यायचं. त्यांनी काढलेला तोडगा सोपा होता. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी. पेटीवर चिन्हाचा कागद चिकटवलेला, बाहेरूनही आणि आतूनही. मतदाराच्या हातात एक कागद, एक रुपयाच्या नोटेएवढा, नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला. त्यावर उमेदवाराचं नाव नाही, चिन्ह नाही, खूण करायला जागा नाही. पडद्याआड जायचं, बैलजोडी हवी तर बैलजोडीच्या पेटीत, झोपडी हवी तर झोपडीच्या पेटीत कागद टाकायचा. संपलं. आपल्याकडं बुलढाणा-अकोला हा दोन जागांचा लोकसभा मतदारसंघ होता, म्हणजे एका मतदाराला दोन मतं, आणि दोन्ही एकालाच देता येत नव्हती. शिवाय विधानसभेचं मत वेगळं. आता विचार करा, पडद्यामागं पेट्यांची केवढी रांग लागली असेल.

याला आधीचा धागाही होता. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत काही प्रांतांनी रंगीत पेट्या वापरल्या होत्या. मद्रासकडं काँग्रेसची पेटी पिवळी. रंगावरून चिन्हावर आलो, चिन्हावरून नावावर यायला आणखी दहा वर्षं लागली.

पेटीच्या पद्धतीत एक मोठं छिद्र होतं. कागद कोरा, त्यामुळे मतदाराने तो पेटीत टाकलाच नाही, खिशात घालून बाहेर आणला, तर आत कुणाला कळणार? बाहेर आणलेला कागद विकता येतो. विकत घेणारा माणूस असे चार-पाच कागद एकदम आपल्या पेटीत टाकू शकतो. काही ठिकाणी पेट्यांत फुलं, पैसे, चिठ्ठ्याही सापडल्या. लोकांनी पेटीला देवासारखं मानलं, त्यांचं कौतुकच आहे. पण कागद पेटीच्या वरच ठेवून निघून गेलेलेही होते, आणि ते मत कुणाचं हे मग कुणालाच सांगता येत नव्हतं.

नावाचा प्रश्न मात्र त्या निवडणुकीत दुसऱ्या बाजूने आला, आणि तो मला उमेदवारांच्या नावापेक्षा मोठा वाटतो. मतदार यादी करताना लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढंच. सेन यांनी ठरवलं की अशी नोंद चालणार नाही, बाईला स्वतःचं नाव आहे आणि ते यादीत पाहिजे. सुधारायला मुदत दिली. तरीही सुमारे २८ लाख बायकांची नावं शेवटी यादीतून गळाली. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातली. आपल्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नव्हती, घ्यायचंच झालं तर उखाण्यात गुंफून घ्यायची. तिकडं स्वतःचंच नाव घेत नव्हती. सेन यांच्यावर त्या वेळी टीका झाली की तुम्ही २८ लाख जणींचं मत घालवलं. मला त्यांचं बरोबर वाटतं. त्या वेळी ढील दिली असती तर 'अमक्याची बायको' हीच नोंद पुढं कित्येक वर्षं चालत राहिली असती.

१९५७ लाही पेट्याच होत्या. मग १९६० च्या केरळच्या मध्यावधी निवडणुकीपासून आयोगाने छापील नावांची आणि चिन्हांची मतपत्रिका वापरून पाहिली आणि १९६२ मध्ये ती जवळजवळ सगळ्या देशात आली. एकच कागद, त्यावर सगळे उमेदवार एकाखाली एक, नावापुढं चिन्ह, आणि मतदाराने शिक्का मारायचा. म्हणजे महाराष्ट्र राज्याची पहिली विधानसभा निवडणूक आणि नाव छापलेली मतपत्रिका, दोन्ही आपल्याकडं एकाच वर्षी आल्या.

आता सगळी नावं एका कागदावर आली म्हटल्यावर एक नवाच प्रश्न उभा राहिला. वर कोण आणि खाली कोण? पेट्या असताना हा प्रश्न एवढा टोचत नव्हता.

जगात याची उत्तरं निरनिराळी आहेत. इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत मत उघड द्यावं लागे, सगळ्यांसमोर नाव सांगायचं, आणि कुणी कुणाला मत दिलं याची पुस्तकं छापून विकली जात. १८७२ च्या कायद्याने गुप्त मतदान आलं आणि छापील मतपत्रिकेवर आडनावाच्या अक्षरक्रमाने नावं आली. दिसायला अगदी निष्पक्ष. पण ऑस्ट्रेलियात १९३७ साली न्यू साऊथ वेल्समध्ये सेनेटच्या निवडणुकीत मजूर पक्षाने चार उमेदवार दिले: अमॉर, आर्मस्ट्राँग, आर्थर, अ‍ॅशली. चौघांचीही आडनावं इंग्रजी 'ए'ची. चौघेही निवडून आले. तिथं मतदान सक्तीचं आहे, त्यामुळे कंटाळलेला मतदार वरून खाली सरळ आकडे टाकत जातो. त्याला ते लोक 'गाढवाचं मत' म्हणतात. त्यानंतर तिथं गटांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायला लागले. टास्मानियाने तर पुढं नावं फिरतीच ठेवली, म्हणजे छापतानाच काही मतपत्रिकांवर एक वर, काहींवर दुसरा वर.

आपण अक्षरक्रम घेतला. आणि आपला अक्षरक्रम म्हणजे अ, आ, इ, ई. इथं आपल्या मराठी नावांची खुमारी सुरू होते. इंग्रजाचं आडनाव एकच, त्यावर क्रम लागतो. आपल्याकडं माणूस कोणत्या नावाने ओळखला जातो हे ठरलेलं नाही. वाशिमचं उदाहरण घ्या. वाशिम लोकसभा मतदारसंघाने १९७७ साली वसंतराव नाईकांना निवडून दिलं, आणि १९८० व १९८४ मध्ये काश्मीरहून आलेल्या गुलाम नबी आझादांना. आता 'गुलाम नबी आझाद' लिहिलं तर ते 'ग'मध्ये, मधोमध कुठं तरी. 'आझाद गुलाम नबी' लिहिलं तर 'आ', थेट वरच्या टोकाला. माणूस तोच. नंतरच्या खासदार भावना गवळी. नाव पुढं घेतलं तर 'भ', आडनाव पुढं घेतलं तर 'ग'. मी इथं प्रत्यक्षात कसं छापलं होतं ते सांगत नाही, शक्यता किती ते दाखवतो.

निवडणूक अधिकाऱ्यासाठी आयोगाची हस्तपुस्तिका असते. तिचा सूर असा की नाव उमेदवाराने ज्या रूपात दिलं त्या रूपातल्या पहिल्या अक्षरावर क्रम लावायचा, मग ते अक्षर आडनावाचं असो की स्वतःच्या नावाचं. नावाआधीची आद्याक्षरं धरायची नाहीत. पदव्याही क्रमासाठी धरायच्या नाहीत. हे शेवटचं फार शहाणपणाचं आहे. आपल्याकडं 'अ‍ॅड.' ही अक्षरं 'अ'ची आहेत. पदवी धरली असती तर महाराष्ट्रातले सगळे वकील उमेदवार प्रत्येक मतपत्रिकेवर पहिल्या नंबरला बसले असते आणि बिचारे 'प्रा.' लोक मध्ये कुठंतरी.

अक्षरक्रमातही एक जागा अडचणीची आहे. 'ज्ञानेश्वर' नावाचा उमेदवार कुठं घालायचा? शाळेतल्या तक्त्यावर क्ष आणि ज्ञ अगदी शेवटी असतात. काही शब्दकोश मात्र क्ष 'क'मध्ये आणि ज्ञ 'ज'मध्ये घालतात, कारण ती जोडाक्षरंच आहेत. म्हणजे तोच ज्ञानेश्वर एका हिशेबाने मधोमध, दुसऱ्या हिशेबाने तळाशी. हे मी चेष्टेत सांगत नाही. जिथं म्हाताऱ्या माणसाला कार्यकर्ता सांगतो, 'आजी, वरून तिसरं', तिथं तिसरा की तेरावा याला किंमत असते.

आता नाव कोणत्या रूपात छापायचं. १९६१ च्या निवडणूक नियमांत नियम ८ आहे. त्यात म्हटलंय की उमेदवाराचं नाव अर्जात चुकीचं लिहिलं गेलं असेल, किंवा तो ज्या नावाने लोकांत ओळखला जातो त्यापेक्षा वेगळं असेल, तर उमेदवारांची यादी तयार होण्याआधी त्याने लेखी कळवावं, आणि अधिकाऱ्याची खात्री पटली तर तो दुरुस्ती करील. 'ज्या नावाने लोकांत ओळखला जातो', या शब्दांवर आपला अख्खा 'ऊर्फ' उभा आहे. शेजारच्या अचलपूरचे आमदार राहिलेले बच्चू कडू. कागदावर ओमप्रकाश ऊर्फ बच्चू बाबाराव कडू. ओमप्रकाश कडू कोण असं विचारलं तर अर्धं अमरावती गोंधळेल. परभणीचे संजय ऊर्फ बंडू जाधव तसेच. नियम लोकांच्या तोंडातलं नाव मान्य करतो हे मला आवडतं. सरकारी कागद सहसा असं करत नाहीत. आधारवर एक, सातबाऱ्यावर एक, टीसीवर तिसरं, आणि आपण शपथपत्रं करत फिरतो.

पण त्याच दारातून दुसरेही आत येतात. २०२४ ची दिंडोरी लोकसभा. शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे पेशाने शिक्षक, लोकांत 'भगरे सर'. चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच मतपत्रिकेवर एक अपक्ष भगरे उभे राहिले, नावापुढं कंसात 'सर', आणि चिन्ह मिळालं ट्रम्पेट, ज्याचं मराठी त्या वेळी 'तुतारी' असंच केलेलं होतं. नाव जुळलं, पदवी जुळली, चिन्हाचा शब्दही जुळला. त्या अपक्षाला १,०३,६३२ मतं मिळाली. तिसरा क्रमांक. भास्कर भगरे १,१३,१९९ मतांनी निवडून आले म्हणून ते प्रकरण हसण्यावारी गेलं.

साताऱ्यात ते हसण्यावारी गेलं नाही. तिथं त्याच पक्षाचे शशिकांत शिंदे उदयनराजेंकडून ३२,७७१ मतांनी हरले आणि ट्रम्पेटवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. लगेच बातम्या झाल्या की पिपाणीने सातारा घालवला. इथं मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. हिशेब करून बघा. त्या अपक्षाच्या दर दहा मतदारांतले जवळजवळ नऊ जण चुकले असतील तरच निकाल फिरतो. होऊ शकतं, पण रायगडला पाचातला एक पुरतो, इथं दहातले नऊ लागतात. दोन्ही उदाहरणं एकाच तराजूत घालू नयेत. हरलेल्या पक्षाला कारण हवंच असतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. २००४ साली केरळात अलप्पुळा मतदारसंघात काँग्रेसचे व्ही. एम. सुधीरन १,००९ मतांनी पडले; व्ही. एस. सुधीरन नावाच्या अपक्षाला ८,२८२ मतं होती. २०१४ मध्ये छत्तीसगडच्या महासमुंदमध्ये भाजपचे चंदूलाल साहू उभे होते आणि त्यांच्याबरोबर चंदूलाल किंवा चंदूराम साहू नावाचे आणखी दहा. तरीही ते अजित जोगींविरुद्ध १,२१७ मतांनी निवडून आले. साहू हे तिकडं आपल्याकडच्या पाटील-देशमुखांसारखं, दगड मारला तर साहूलाच लागेल. पण अकरा चंदू एकाच वेळी आपणहून लोकसेवेला निघाले हे कुणी मानणार नाही. इंग्लंडात १९९४ च्या युरोपीय निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट पक्षाविरुद्ध एका गृहस्थाने आपली ओळख 'लिटरल डेमोक्रॅट' अशी छापून घेतली, एका अक्षराचा फरक. त्याला दहा हजारांवर मतं पडली आणि लिबरल डेमोक्रॅट सुमारे सातशे मतांनी हरला. त्यानंतर, १९९८ मध्ये, तिथं पक्षांची नावं नोंदवण्याचा कायदा झाला.

मग आपला कायदा सारख्या नावांबद्दल काय म्हणतो? नियम २२ मध्ये एक ओळ आहे: दोन किंवा अधिक उमेदवारांचं नाव एकच असेल, तर त्यांचा व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा अन्य काही जोडून त्यांच्यात फरक करावा. चांगला नियम आहे, पण तो लागतो 'एकच नाव' असेल तेव्हा. आणि आपल्या मराठी नावात तीन कप्पे आहेत: आपलं, वडिलांचं, आडनाव. सुनील दत्तात्रेय तटकरे आणि दुसरे तटकरे, यांचा मधला कप्पा वेगळा. कागदाच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावं झाली. मतदाराच्या दृष्टीने एकच, कारण प्रचारात मधलं नाव कुणी घेत नाही. 'तटकरेंना मत द्या' एवढंच. ज्या तीन कप्प्यांमुळे आपली नावं कधी सारखी होत नाहीत असा आपला समज, त्याच तीन कप्प्यांमुळे हा नियम निकामी होतो.

बरं, पक्षाचं नाव छापून हे मिटलं नसतं का? पुष्कळांना हे लक्षातच आलेलं नसतं की आपल्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. बाहेर लावलेल्या यादीत असतं. मतपत्रिकेवर अनुक्रमांक, नाव, आता फोटो, आणि चिन्ह. पक्ष तिथं फक्त चिन्ह होऊन येतो. पेटीवर चिकटवलेला तो १९५२ चा कागदच अजून चालू आहे म्हणा. म्हणून चिन्हावरून एवढी भांडणं होतात.

आता मी १९९६ वर येतो, कारण आज तुम्ही जो क्रम बघता तो तिथून आला. आणि त्यात मराठी माणसाचा वाटा मोठा आहे.

बेळगाव. सीमाप्रश्न तुम्हाला सांगायला नको. मोर्चे झाले, सत्याग्रह झाले, हुतात्मे झाले. मग तिथल्या मराठी लोकांनी मतपत्रिकाच आंदोलनाचं साधन केली. १९८५ च्या विधानसभेला बेळगावात ३०१ उमेदवार उभे राहिले. आणि १९९६ च्या लोकसभेला, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या बाजूने शेकड्यांनी अर्ज भरले गेले आणि एकूण उमेदवार झाले ४५६. एका नावाला एक इंच जागा धरली तर एका रांगेत ती मतपत्रिका अडतीस फूट होते. चारशे छप्पन्न चिन्हं शोधायची! त्याच वर्षी आंध्रच्या नलगोंड्यात पाण्यातल्या फ्लोराइडचा प्रश्न दिल्लीला दिसावा म्हणून ४८० उमेदवार उभे होते, आणि तामिळनाडूत मोडाकुरिची विधानसभेला तर १,०३३. तिथं मतपत्रिका म्हणजे पुस्तिकाच झाली.

ही नावं निवडून येण्यासाठी नव्हती. ती वाचली जावीत म्हणून होती. सरकारने निवेदनं वाचली नाहीत, पण मतपत्रिका छापावीच लागते, आणि छापायची तर प्रत्येक नाव टंकावंच लागतं. मला त्यातली कल्पकता मोठी वाटते, आणि ती कुणा मोठ्या पुढाऱ्याची नव्हती, सामान्य लोकांची होती.

सरकारने यावरून धडा घेतला, पण आपल्या सोयीचा. १ ऑगस्ट १९९६ पासून कायदा बदलला. लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० झाली. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार नसेल तर दहा सूचक लागू लागले. आणि कलम ३८ मध्ये नावांचा क्रम बदलला. आता आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, त्यांच्यात अक्षरक्रम. मग नोंदणी झालेल्या पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, त्यांच्यात अक्षरक्रम. मग उरलेले, म्हणजे अपक्ष. परिणाम लगेच दिसला. १९९६ ला देशभर लोकसभेचे १३,९५२ उमेदवार होते, १९९८ ला ४,७५०.

तुमच्याच मतदारसंघावर हे लावून बघा. तुम्ही वाशिम जिल्ह्यातले, पण विधानसभेला रिसोड आणि लोकसभेला अकोला. प्रकाश आंबेडकरांचं आडनाव 'आ'चं. आडनाव पुढं घेऊन साधा अक्षरक्रम असता तर ते वरच्या टोकाला असते. पण वंचित बहुजन आघाडी मान्यताप्राप्त नसल्याने २०२४ मध्ये ते दुसऱ्या वर्गात गेले, राष्ट्रीय आणि राज्य पक्षांच्या खाली. तिथं 'आ' असो की 'ज्ञ' असो, आधी वर्ग, मग अक्षर.

हे न्याय्य आहे का? दोन बाजू आहेत. तोतया उमेदवाराला या क्रमाने खाली ढकललं, खऱ्या तटकरेंच्या शेजारी तो बसू शकत नाही, हे चांगलं झालं. पण प्रामाणिक अपक्षाला मतपत्रिकेवर फुकटात मिळणारी एकच गोष्ट होती, आपल्या अक्षराची जागा. ती त्याच्याकडून काढून घेतली. मोठ्या पक्षाकडं चिन्ह आहे, पैसा आहे, टीव्ही आहे, आणि आता वरची जागाही त्यालाच. मला तरी हे बरोबर वाटत नाही. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायला काय हरकत होती?

आणि एवढं करूनही गर्दीचं आंदोलन थांबलं नाही. २०१९ ला तेलंगणात निजामाबादला हळदीच्या शेतकऱ्यांनी तेच केलं: १८५ उमेदवार, त्यातले १७८ शेतकरी. आपण हळदीच्या पट्ट्यातले लोक, त्यांचं दुःख आपल्याला समजावून सांगायला नको. तिथं यंत्रांवर यंत्रं जोडावी लागली, कारण एका यंत्रावर सोळाच नावं बसतात.

यंत्र आल्यावर, म्हणजे २००४ च्या लोकसभेपासून सगळीकडं, नाव कागदावरच राहिलं, फक्त तो कागद यंत्रात सरकवला गेला. बटणाशेजारी ब्रेलमध्ये आकडे आले. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तर आता नाव आणि चिन्ह दोन्ही मागं पडलं, अनुक्रमांक हेच सगळं. 

१ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांत उमेदवाराचा फोटो आला, आणि तो सारख्या नावांच्या गोंधळावरच उपाय म्हणून आला. रायगडनंतर वर्षभराने. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने आणखी सुधारलं: फोटो रंगीत, चेहरा तीन चतुर्थांश जागेत, अनुक्रमांक ठळक आणि मोठा, सगळ्यांची नावं एकाच वळणाच्या आणि एकाच मापाच्या अक्षरात. सुरुवात बिहारपासून झाली. बारीक गोष्ट आहे, पण कुणाचं नाव मोठं आणि कुणाचं लहान छापणार नाही, हे लिहून ठेवावं लागतं. आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर मागणी आली की सारख्या नावाच्या उमेदवारांना बंदीच घाला. न्यायालयाने ऐकलं नाही. आई-बापांनी ठेवलेल्या नावामुळे कुणाला निवडणूक लढवायला मनाई कशी करायची, असा त्यांचा सवाल होता. मला तो पटतो. तोतया कोण आणि योगायोग कुठला हे नावावरून ठरवता येणार नाही.

एक नाव राहिलं. सगळ्यात शेवटचं. २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर 'वरीलपैकी कोणीही नाही', म्हणजे नोटा आला. त्याला अक्षरक्रम नाही, वर्ग नाही, जागा कायम तळाची. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी त्याला काल्पनिक उमेदवार मानलं, नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. लोकसभा-विधानसभेला अजून तसं नाही.

(यानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यांतील दोन येथे देत आहोत.)

प्रश्न : सर, कार्यकर्ते नमुना मतपत्रिका वाटतात, त्यावर एकच नाव असतं. ते चालतं का?

उत्तर : चालतं, आणि एकच नाव असतं ते नियमामुळेच. तुमच्या नमुन्यावर दुसऱ्या उमेदवाराचं खरं नाव-चिन्ह तुम्ही छापू शकत नाही, आणि तो कागद खऱ्या मतपत्रिकेसारखा हुबेहूबही असता कामा नये. म्हणून बाकीच्या जागा कोऱ्या ठेवतात आणि आपल्या अनुक्रमांकावर नाव टाकतात. त्याचा उपयोग क्रम शिकवायलाच असतो. आजीला 'वरून तिसरं' सांगण्यापेक्षा तो कागद दाखवणं बरं.

प्रश्न : गावात दोघायचं नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं एकच असलं त काय करतेत?

उत्तर : हा खरा गावचा प्रश्न आहे! शहरात हे होत नाही. एकाच भावकीत तीच तीच नावं पुन्हा ठेवली गेली की तिन्ही कप्पे जुळू शकतात. ग्रामपंचायतीचे नियम राज्य आयोगाचे, वेगळे आहेत, विधानसभा-लोकसभेचं सांगतो. तिथं मी मघाशी म्हटलेला नियम २२ खऱ्या अर्थाने लागतो. अधिकारी नावापुढं व्यवसाय लिहील किंवा राहण्याचं ठिकाण लिहील. दोघंही शेतकरी आणि दोघंही किन्हीराजाचे असले तर 'अन्य काही' म्हणून तिसरी खूण शोधावी लागेल, आणि गावात तुम्हाला ज्या नावाने हाक मारतात ते नाव तिथं कामाला येईल. फक्त एक करा. ते नाव कसं छापून हवं हे अर्जाबरोबरच लेखी द्या. उमेदवारांची अंतिम यादी एकदा तयार झाली की नंतर अर्ज देऊन उपयोग नाही, तोवर कागद छपाईला गेलेला असतो.